वास्तू जशी उभी आहे तशी

पुण्याचा शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये पेटला आणि आठवडाभर जळत राहिला. उरला तो तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, नगारखाना आणि आतली दगडी जोती. फोटोग्राफीचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला १८३९ साली. मधे गेलेल्या अकरा वर्षांची किंमत मराठी इतिहास आजही मोजतो आहे. पेशव्यांचा दरबार कसा दिसायचा हे पाहायचं तर जेम्स वेल्सच्या अभ्यासचित्रांचा आधार घेऊन टॉमस डॅनियलनं रंगवलेल्या चित्राकडे जावं लागतं. बाकी सारं पत्रं, हिशेबाचे कागद आणि प्रवाशांची वर्णनं यांवरून जुळवायचं. रायगडावरचे लाकडी इमले तर त्याआधीच, १८१८ च्या तोफमाऱ्यात, जळून गेले होते.

म्हणून ऐतिहासिक वास्तूचा फोटो ही गंभीर गोष्ट आहे. काढणाऱ्याच्या मनात असो वा नसो, तो फोटो कधी ना कधी पुरावा म्हणून पुढे येतो. सहलीत सहज टिपलेल्या देवळाच्या फोटोत मागे दिसणारी दीपमाळ पुढच्या पावसाळ्यात ढासळते, आणि तोच फोटो तिचा शेवटचा ठरतो. अशा फोटोवर संगणकात काम करताना हात कुठवर न्यावा आणि कुठे आवरावा, हा या प्रस्तावनेचा मुख्य प्रश्न आहे. कॅमेऱ्याची बटणं आणि सॉफ्टवेअरमधले पर्याय शिकवणारी पुस्तकं पुष्कळ मिळतात. ती हाती घेण्याआधी ही बैठक पक्की झालेली बरी.

कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा बसल्या त्या इमारतीच. सुरुवातीच्या रसायनांना प्रकाश टिपायला मिनिटंच्या मिनिटं लागत. माणूस तेवढा वेळ स्थिर राहत नाही, भिंत राहते. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅलबटनं १८३५ साली केलेली निगेटिव्ह त्याच्याच लॅकॉक ॲबीतल्या खिडकीची आहे. दागेरनं पॅरिसचा एक रहदारीचा रस्ता टिपला, तेव्हा धावत्या घोडागाड्या पुसल्या गेल्या आणि बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. घरं मात्र कौलांपासून उंबऱ्यापर्यंत स्वच्छ आली. १८५१ मध्ये फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंच्या आयोगानं बाल्दू, बायार, ल ग्रे, ल सेक आणि मेस्त्राल या पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवलं. दुरुस्तीला हात लावण्याआधी वास्तू आज कशी आहे याची नोंद हवी, हा त्यामागचा विचार होता. तो आजही तितकाच ताजा आहे.

हिंदुस्थानात ही विद्या झपाट्यानं आली. १८५४ मध्ये मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या काळातल्या सभासदांत होते. पुढच्याच वर्षी तोफखान्यातला कॅप्टन टॉमस बिग्ज विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तू टिपण्याच्या सरकारी कामावर निघाला. दक्षिणेत लिनियस ट्राइपनं तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरचा शिलालेख तुकड्यातुकड्यानं टिपला आणि एकवीस ठसे जोडून साडेपाच मीटरहून लांब पट्टी तयार केली. आज फोन हातात धरून गोल फिरलं की पॅनोरमा होतो. ट्राइपला प्रत्येक तुकड्यासाठी अवजड कॅमेरा उचलून पुढे सरकवावा लागला होता.

रॉबर्ट गिलची कथा जास्त चटका लावणारी आहे. कंपनी सरकारच्या या लष्करी अधिकाऱ्यानं १८४० च्या दशकापासून अजिंठ्यात मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या मोठाल्या नकला रंगवल्या. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. तोवर गिल फोटोग्राफीकडे वळला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या लेण्यांच्या फोटोंचं पुस्तक निघालं. रंगवलेल्या नकला एकेकच होत्या. फोटोच्या प्रती अनेक होत्या, म्हणून त्या टिकल्या.

त्याच सुमारास, १८५६ मध्ये, अलेक्झांडर ग्रीनलॉ यानं हंपीचे अवशेष मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हांवर टिपले. हे काम दीर्घकाळ विस्मरणात होतं. ते पुन्हा उजेडात आल्यावर ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार जॉन गॉलिंग्ज यांनी १९८० च्या दशकात ग्रीनलॉच्या जागा शोधून, त्याच कोनातून नवे फोटो घेतले. दोन्ही शेजारी ठेवले की सव्वाशे वर्षांत काय पडलं, काय नव्यानं उभं केलं आणि कशावर झुडपं माजली हे न सांगता कळतं. ग्रीनलॉनं दृश्य सुंदर व्हावं म्हणून एखादा खांब इकडचा तिकडे केला असता, तर ही तुलना तिथेच कोसळली असती.

पण जुने छायाचित्रकार फोटोला हात लावत नसत, हा समज चुकीचा आहे. ते भरपूर हात लावत. त्या काळची रसायनं निळ्या प्रकाशाला फार लवकर भाळत, त्यामुळे आकाश पांढरंफटक उमटे. ट्राइप निगेटिव्हवर रंगाचे हलके फटकारे मारून ढग काढत असे. ल ग्रे समुद्र एका निगेटिव्हवर आणि आभाळ दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन एकत्र छापत असे. बाल्दूनं आर्लच्या मठातली ओवरी अनेक निगेटिव्ह कापून जोडून सलग दाखवली, कारण एवढी खोली आणि एवढा प्रकाशाचा फरक एका निगेटिव्हमध्ये मावत नव्हता. आजच्या भाषेत बाल्दूनं केलं ते फोकस आणि एक्सपोजरचं स्टॅकिंग. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. या खटपटी तोवर सव्वाशे वर्षांहून जुन्या झाल्या होत्या.

तेव्हा संपादन करावं की करू नये हा वाद घालण्यात अर्थ नाही. एक कसोटी मात्र लावता येते: जी उणीव कॅमेऱ्याची आहे ती भरून काढावी, जी वास्तूची आहे ती तशीच राहू द्यावी. वाचायला हे सोपं आहे. प्रत्यक्ष फाइल उघडल्यावर सीमारेषा कशी पुसट होते, ते काही उदाहरणांतून पाहू.

पहिली गोष्ट उभ्या रेषांची. राजाबाई टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून कॅमेरा वर केला की मनोरा मागे कलल्यासारखा दिसतो. सेन्सरची पातळी भिंतीला समांतर न राहिल्यामुळे वरचा भाग लहान उमटतो, एवढंच त्याचं कारण. जुन्या लाकडी कॅमेऱ्यांत लेन्स तेवढी वर सरकवता येई आणि भिंत सरळ राही. छोट्या कॅमेऱ्यासाठी तशी सरकती लेन्स निकॉननं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. आता लाइटरूममध्ये एका कळीवर काम होतं, पण ते फुकट होत नाही. वरचा भाग ताणला जातो, तिथला तपशील पातळ होतो आणि खालच्या दोन्ही बाजू कापाव्या लागतात. हे माहीत असलेला छायाचित्रकार फोटो घेतानाच दहा पावलं मागे जातो आणि चौकटीत चारी बाजूंनी जागा सोडतो. उंच मनोरा पुरता सरळ केला की तो डोक्याशी रुंद झाल्याचा भास होतो. म्हणून जाणकार किंचित कल मुद्दाम ठेवतात.

धोका पुढे आहे. प्रत्येक भिंत ओळंब्यात नसतेच. किल्ल्यांचे बुरूज बहुधा पायाशी रुंद आणि वर निमुळते बांधलेले असतात. दिल्लीचा कुतुबमिनार बुडाशी १४ मीटरहून अधिक आणि माथ्याशी पावणेतीन मीटरच्या आसपास व्यासाचा आहे. स्वयंचलित दुरुस्तीला यातलं काही ठाऊक नसतं. रेषा दिसली की ती सरळ करते. फुगवटा आलेल्या जुन्या भिंतीबाबत तर ही चूक घातक ठरते. पाणी मुरल्यानं किंवा पाया खचल्यानं भिंत पोट काढते आणि दुरुस्ती करणारा अभियंता फोटोत नेमकं तेच शोधत असतो. भिंत खरोखर कललेली असेल, तर सॉफ्टवेअरला लंब सांगण्यासाठी शेजारचा ओळंब्यातला दरवाजा किंवा जवळचा नवा खांब प्रमाण धरावा.

दुसरी गोष्ट प्रकाशाची, आणि इथे घड्याळ सॉफ्टवेअरपेक्षा मोठं काम करतं. वेरूळचं कैलास लेणं पश्चिमाभिमुख आहे. सकाळी तिथे पोचणाऱ्याला पुढचा भाग सावलीत आणि मागचं आकाश झगझगीत मिळतं. मग तो रात्री संगणकावर सावल्या उचलत बसतो आणि काळा पाषाण राखाडी, कळाहीन होऊन जातो. दुपार कलल्यावर तोच दर्शनी भाग स्वतःहून उजळतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाचंही तोंड पश्चिमेकडे आहे. उतरतं ऊन पिंपळपानी गवाक्षातून आत येतं, तेव्हा लेणं खोदणाऱ्यांनी दिशेचा केवढा विचार केला होता हे दिसतं. वास्तूचं तोंड कुठे आहे हे आधी पाहिलं तर संपादनाचं निम्मं काम उरतच नाही.

काही ठिकाणी मात्र घड्याळाचाही इलाज चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे. त्याच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं ठेवलं आहे. वर मोकळं आभाळ, खाली खांबांच्या कडेला गडद सावली. माणसाचा डोळा वर पाहतो, खाली पाहतो, जुळवून घेतो आणि दोन्ही पाहिल्याचं समाधान मिळवतो. कॅमेऱ्याला एका क्षणी एकच मोजमाप धरावं लागतं. आभाळ सांभाळलं तर खांब काळे, खांब सांभाळले तर आभाळाच्या जागी पांढरं भोक. अशा वेळी ट्रायपॉडवरून कमीजास्त एक्सपोजरचे तीन किंवा पाच फोटो घेऊन ते एकत्र करणं अगदी योग्य आहे. बाल्दूनं तेच केलं होतं.

फक्त प्रत्येक सावली उजळायची नसते. देवळात मुखमंडपापासून गाभाऱ्याकडे जाताना उजेड पायरीपायरीनं कमी होत जातो. तो अंधार स्थपतीनं योजलेला आहे, दगडाइतकाच तोही बांधकामाचा भाग आहे. एचडीआरची पट्टी शेवटपर्यंत ओढून गाभारा दुकानासारखा लख्ख केलेले फोटो आज जागोजागी दिसतात. त्यांत सगळं दिसतं, पण देऊळ हरवलेलं असतं.

अंधारात घेतलेल्या फोटोत कण येतात, आणि ते घालवणारी नवी साधनं फार हुशार झाली आहेत. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायलाही परवानगी लागते. त्यामुळे आयएसओ वाढवणं भाग पडतं आणि घरी येऊन कण पुसणंही. पण कण पुसता पुसता छिन्नीचे घावही पुसले जातात. अजिंठ्याचं चोविसावं लेणं अर्धवट सोडलेलं आहे. कारागीर कुठून सुरुवात करत, दगड कसा काढत नेत, खांब कधी सुटा करत, हे तिथल्या खडबडीत पृष्ठभागावर वाचता येतं. तो पृष्ठभाग गुळगुळीत झालेला फोटो कितीही देखणा असला तरी अभ्यासाच्या कामाचा राहत नाही. थोडे कण सहन करावेत. त्यांनी कुणाचं नुकसान होत नाही.

रंगाचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि त्याचा सर्वांत चांगला धडा अजिंठाच देतो. गिलनंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. (त्यांतल्याही बऱ्याच लंडनमधल्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या.) चित्रं उठून दिसावीत म्हणून त्या काळात भिंतींवर व्हार्निश चढवलं गेलं. पुढे निजाम सरकारनं १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी पोपडे बसवले, पण लाखेचा थरही दिला. हे थर काळानं पिवळे, तपकिरी पडले. आता छायाचित्रकारानं व्हाइट बॅलन्स कशाला धरून ठरवायचा? भिंतीवर आज दिसतो तो पिवळेपणा खरा आहे, आणि खालचा निळाही खरा आहे.

बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अगदी मंद प्रकाशात, झगझगीत दिवे न वापरता अजिंठ्याची चित्रं टिपली, तेव्हा अनेकांना तिथले रंग नव्यानं भेटले. नाशिकच्या प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांचं डिजिटल पुनरुज्जीवन हाती घेतलं. मूळ भिंतीला स्पर्श न करता फक्त फोटोवर झिजलेला भाग पुन्हा उभा करायचा, असा तो प्रयत्न. असं काम मोलाचं असतं, पण एका अटीवर: आज आहे तशी प्रत आणि कल्पनेनं पूर्ण केलेली प्रत, दोन्ही वेगळ्या ठेवल्या पाहिजेत आणि कुठली कोणती हे प्रत्येक वेळी लिहिलं पाहिजे. अंदाज कितीही अभ्यासू असला तरी तो अंदाजच असतो.

दगडाच्या रंगाबाबत एवढी गुंतागुंत नाही. मुंबईच्या गॉथिक इमारतींचा पिवळट दगड सॅच्युरेशन वाढवलं की भगव्याकडे झुकतो, आणि सह्याद्रीतला काळा पाषाण निळसर होतो. खिशात एक राखाडी कार्ड ठेवावं, पहिल्या फोटोत ते धरावं आणि पुढचे सगळे फोटो त्यावरून जुळवावेत. पाच मिनिटांचं काम आहे.

आता चौकटीतून काय काढायचं याकडे येऊ, कारण खरा मोह तिथेच आहे. एकाच जागेवरून वीसेक फोटो घेऊन सॉफ्टवेअरला त्यांतला मधला रंग निवडायला सांगितलं की हिंडणारे पर्यटक आपोआप नाहीसे होतात आणि मागची भिंत खरीच राहते. यात गैर काही नाही. अर्थात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या रोज लाखोंनी वाहणाऱ्या स्थानकातून माणसं पुसून काय मिळवलं, हेही विचारावं. भिंतीवर ठोकलेला एसीचा डबा, कोरीव कमानीवरून ओढलेली केबल, शिखराच्या सांध्यातून फुटलेलं पिंपळाचं रोप यांची गोष्ट निराळी. ते डोळ्यांना खुपतं हे मान्य. पण पिंपळाची मुळं सांधे उकलतात, केबलसाठी मारलेल्या खिळ्यातून पाणी आत जातं. फोटोतून रोप काढल्यानं देवळावरचं रोप निघत नाही. उलट ते काढा म्हणून सांगायला लागणारा पुरावा जातो.

फेब्रुवारी १९८२ ची गोष्ट. नॅशनल जिओग्राफिकनं गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवण्यासाठी संगणकावर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. त्यावर मोठी टीका झाली आणि त्या मासिकाचं नाव या संदर्भात आजही घेतलं जातं. तेव्हा त्यासाठी अतिशय महाग यंत्रणा लागली होती. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये चार शब्द टाइप केले की हवा तो भाग नव्यानं तयार होऊन येतो. घारापुरीच्या नटराजाचे तुटलेले हात कुणीही क्षणात पूर्ण करू शकतो. पण यंत्र जो हात देतं तो त्या मूर्तीचा नसतो, हजारो इतर चित्रांवरून बेतलेला असतो. मूर्तिशास्त्राचा अभ्यासक हाताची मुद्रा आणि त्यातलं आयुध पाहून मूर्ती ओळखतो, तिचं घराणं ठरवतो. खोटा हात तिथे खोटी साक्ष देईल, आणि तो फोटो पाच ठिकाणी फिरला की खोटं वेगळं काढणंही कठीण होईल. या बाबतीत मतभेदाला जागा नाही. तुटलेलं तुटलेलंच दिसलं पाहिजे.

प्रामाणिक फोटो किती दूरवर उपयोगी पडतो याची साक्ष जर्मनीत आहे. आल्ब्रेख्त मायडेनबाउर हा तरुण वास्तुतज्ज्ञ १८५८ मध्ये वेट्सलारच्या कॅथिड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचला. जीव धोक्यात घालण्यापेक्षा फोटोवरूनच मापं का काढू नयेत, असं त्याच्या मनात आलं. १८८५ साली त्यासाठी बर्लिनमध्ये सरकारी संस्था उभी राहिली आणि तिनं हजारो काचेच्या निगेटिव्ह जमवल्या. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या इमारती पुन्हा उभारताना या संग्रहाचा आधार मिळाला. आपल्या काळात पॅरिसचं नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळालं, तेव्हा कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी काही वर्षं आधी केलेलं लेझर स्कॅनिंग आणि त्याला जोडलेली छायाचित्रं हाताशी होती. टॅलन आगीच्या काही महिने आधीच वारले होते. कॅथिड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं.

महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. त्यांचे फोटो आता कमी पडणार नाहीत. चिंता आहे ती यादीत नसलेल्यांची: तालुक्याच्या गावातले वाडे, सुरूदार खांब आणि महिरपी, गढ्या, बारवा, नदीकाठचे घाट, रंगवलेल्या भिंतींची छोटी देवळं. त्यांतली कित्येक वाटणीत, पुनर्विकासात किंवा ऑइलपेंटच्या उत्साही हाताखाली नाहीशी होत आहेत, आणि अनेकांची एकही नीट नोंद नाही.

वाचकाला विनंती एवढीच. जवळच्या अशा एका वास्तूपासून सुरुवात करा. आधी समोरून, मग चारी बाजूंनी, मग तपशील, आणि मापासाठी एका फोटोत मोजपट्टी. शक्य असेल तर रॉ फाइल घ्या आणि ती कधीही पुसू नका. सगळे बदल तिच्या प्रतीवर करा. फाइलच्या माहितीत गाव, तारीख आणि कॅमेऱ्याची दिशा लिहा, आणि एका ओळीत काय सरळ केलं, काय उजळलं, काय काढलं तेही लिहा. मालकाची परवानगी घ्या, एक प्रत त्यांना द्या आणि दुसरी गावच्या वाचनालयात ठेवा.